चौदा बुचं आणि तेवीस दिवस

मी, खाली सही करणारा, वय वर्षं एकाहत्तर, व्यवसाय यहुदी धर्माच्या आहारनियमांप्रमाणे स्वयंपाकघरांवर देखरेख करणं, आता निवृत्त, विधुर, एका मुलीचा बाप, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांचं मत वेगळं आहे. येत्या मंगळवारी त्याचं ऑपरेशन आहे, म्हणून हा कागद. तो मी माझ्या मर्जीने करत आहे, कोणाच्या दडपणाखाली नाही. मुलगी तीन वेळा म्हणाली, "बाबा, उरका एकदाचं," पण वकीलबाईंच्या मते कायद्यात त्याला दडपण म्हणत नाहीत.

माझी पत्नी दहा महिन्यांपूर्वी वारली. तिच्यासाठी मी रोज सकाळी प्रार्थनामंदिरात कद्दिश म्हणतो. कद्दिश म्हणजे शोक पाळणाऱ्याने उभं राहून म्हणायची छोटी प्रार्थना. ती अकरा महिने म्हणायची असते आणि दहा पुरुष हजर असल्याशिवाय म्हणता येत नाही. मंगळवारपासून धरलं तर तेवीस दिवस उरतात. या कागदात घर आहे, बचत आहे, हत्यारं आहेत, पण तो मी लिहायला घेतला त्या तेवीस दिवसांसाठी. ते कलम शेवटी येतं, कारण वकीलबाई म्हणाल्या, आधी स्थावर, मग जंगम, मग उरलेलं.

कलम १. याआधी आम्ही नवराबायकोने एकाच दिवशी दोन मृत्युपत्रं केली होती. तिच्यात सगळं मला होतं, माझ्यात सगळं तिला. तिचं लागू होऊन गेलं, माझं आता रद्द समजावं. तिच्या मृत्युपत्राच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं होतं, "ह्यांना औषधं कुठे आहेत ते सांगायचं राहिलं. दुसरा कप्पा." औषधं सापडली आहेत.

कलम २. मी जन्माने यहुदी आहे. वडील होते, आजोबा होते, त्यांच्या मागचे होते. मृत्युपत्रात हे लिहायची गरज नाही असं वकीलबाईंनी सांगितलं, पण मला आयुष्यभर हे सांगावं लागलं आहे आणि ते सोडून पुढे लिहिलं की काही विसरल्यासारखं वाटतं. माझा रंग काळा आहे. आमच्या प्रार्थनामंदिरात बाकीचे सगळे गोरे आहेत. चांगल्या मनाची माणसं मला "सावळे" म्हणतात. पत्नीला ते आवडत नसे. "सावळे कसले," ती म्हणायची, "चांगले काळे आहात. सावळे म्हणजे कोणी तरी सूट दिल्यासारखं वाटतं." तिचाही रंग माझाच होता, त्यामुळे तिला बोलायचा अधिकार होता. नसता तरी ती बोललीच असती.

कलम ३. दुसऱ्या मजल्यावरचं राहतं घर माझ्या मुलीला द्यावं. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं, काहीही करावं, माझी हरकत नाही. फक्त स्वयंपाकघरातली दोन सिंक आहेत तशी ठेवावीत, डावीकडचं दुधाच्या भांड्यांना आणि उजवीकडचं मांसाच्या. भाडेकरू आले तर त्यांना वाटतं की एक हात धुवायला आहे. तसं त्यांना वाटू द्यावं.

दाराच्या चौकटीवर जी लहान लाकडी डबी तिरपी ठोकली आहे, ती मेझुझा आहे. तिच्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेली वचनं आहेत. घर रंगवणारा दर वेळी ती बेल समजून दाबतो आणि मला सांगतो, "साहेब, तुमची बेल बंद पडलीये." मागच्या खेपेला त्याने ती भिंतीच्याच रंगात रंगवून टाकली आणि वर दुरुस्तीसाठी आपल्या मेव्हण्याचा नंबर दिला. मुलीने रंगकामाच्या दिवशी स्वतः हजर राहावं.

कलम ४. बँकेतली बचत मुलीला द्यावी. त्यातून आधी एक काम करावं. प्रार्थनामंदिराच्या फाटकाबाहेर, रखवालदाराच्या चौकीला लागून, एक बाक बसवावा. बाक लाकडी असावा, पाठ असावी, आणि तिघं जण आरामात मावावेत.

कारण असं की फाटकावर दर दोन-तीन वर्षांनी नवा रखवालदार येतो. त्याला सांगितलेलं असतं की अनोळखी माणसाला प्रश्न विचारून मगच आत सोडायचं. दर शनिवारी, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवशी, शब्बाथला, बाकी सगळी मंडळी त्याच्यासमोरून "शब्बाथ शालोम" म्हणत आत जातात. अनोळखी मीच. त्याचा राग नाही, तो त्याचं काम करतो. एकदा एका नव्या रखवालदाराने मला विचारलं, "या आठवड्यात तोराचा कुठला भाग वाचणार आहेत?" मी सांगितला. "त्यात काय आहे?" असंही त्याने विचारलं. आता धर्मग्रंथातलं कोणी मनापासून विचारलं तर अर्धवट उत्तर देणं बरं नाही, म्हणून मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. मंडपाच्या खांबांच्या बैठका चांदीच्या, पडद्यांच्या कड्या सोन्याच्या, कुठला पडदा किती हात. मागे रांग लागली. धर्मगुरूही रांगेत होते. पत्नी बायकांच्या दाराने केव्हाच आत गेली होती, ती परत बाहेर आली आणि रखवालदाराला म्हणाली, "दादा, सोडा त्यांना. तुम्हाला माहीत नाही, हे घरी तोंड उघडत नाहीत. तुम्ही चावी दिलीत."

तर बाक बसवावा. प्रश्न विचारले जात असताना माणसाला टेकता यावं. बाकावर माझं नाव घालू नये.

कलम ५. हत्यारं. भिंगाचा दिवा, पांढरा ट्रे, किल्ल्यांचा जुडगा आणि शिशाचे शिक्के दाबायची पक्कड, हे सगळं माझ्या जागेवर आलेल्या बाईंना द्यावं. त्या आधी शाळेत रसायनशास्त्र शिकवत. पालेभाजीच्या पानांत किडा असेल तर ते पान आम्हाला चालत नाही, म्हणून प्रत्येक पान उजेडावर धरून बघावं लागतं. मी चाळीस वर्षं बघत आलो. बाईंनी पहिल्याच दिवशी मी पास केलेल्या टोपलीतून तीन किडे काढले आणि ट्रेवर ओळीने ठेवले. मी म्हणालो, "माझे डोळे आता राहिले नाहीत." मी जिथे देखरेख करायचो त्या लग्नाच्या हॉलचे मुख्य आचारी, ज्यांच्याबरोबर मी एकोणतीस वर्षं काम केलं, ते म्हणाले, "डोळे कसले साहेब, तुम्हाला त्यांची दया आली असणार."

आचाऱ्यांना माझा शब्बाथचा कोट द्यावा. ते यहुदी नाहीत, पण आमचे नियम आमच्या निम्म्या मंडळींपेक्षा त्यांना जास्त पाठ आहेत, आणि कोट त्यांच्या मापाचा आहे. त्यांनी दोनदा घालून पाहिला आहे. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

कलम ६. चौदा बुचं. ही स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर काचेच्या बरणीत आहेत. ती माझ्या व्याह्यांना, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांना, द्यावीत. हे कलम समजावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्यात वाइनचा नियम कडक आहे. ती उकळलेली नसेल, तर बाटली उघडल्यापासून पेल्यात पडेपर्यंत फक्त यहुदी माणसानेच हाताळायची. दुसऱ्याने ओतली की नियम पाळणाऱ्याला ती चालत नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी एका लग्नात देखरेखीचं काम माझ्याकडे होतं. वाढपी यहुदी नव्हते, म्हणून मी पांढरा एप्रन चढवून स्वतः चौदा बाटल्या उघडल्या, टेबलावर मांडल्या आणि पेले भरायला लागलो. वरपक्षाचे एक गृहस्थ दारात उभे राहून बघत होते. त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. धर्माच्या बाबतीत अतिशय जागरूक माणूस, एरवी सकाळी नऊपर्यंत झोपलेला. मी आणखी पेले आणायला आतल्या खोलीत गेलो. परत आलो तेव्हा हे गृहस्थ बाह्या सरसावून सिंकपाशी उभे होते आणि चौदावी बाटली उलटी धरून तिच्यातला शेवटचा थेंब निथळायची वाट बघत होते.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"तुझी चूक नाही," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "तुला कोणी सांगितलं नसेल. आमच्यात चालत नाही."

"काय चालत नाही?"

"तू ओतलेलं."

मी गप्प राहिलो. तो माझा स्वभाव आहे. आचारी गप्प राहिले नाहीत. पातेलं ढवळता ढवळता ते म्हणाले, "मग साहेब, भट्टी कोणी पेटवली तेही विचारून घ्या."

"कोणी पेटवली?"

आचाऱ्यांनी डावाने माझ्याकडे बोट दाखवावं तसं केलं. गृहस्थ भिंतीला टेकले. आमच्या अन्नाचा विस्तवही यहुद्यानेच लावायचा असतो, म्हणजे त्यांच्या मते आता जेवणही गेलं होतं, आणि बाहेर दोनशे माणसं हात धुऊन बसली होती. त्यांनी धावत जाऊन धर्मगुरूंना आणलं.

धर्मगुरूंनी रिकाम्या बाटल्या पाहिल्या. सिंक पाहिलं. मला पाहिलं. मग गृहस्थांना विचारलं, "ही वाइन चालते, हे तुम्हाला मुळात कशावरून कळलं?"

"बाटलीवर शिक्का होता ना. देखरेख करणाऱ्याचा."

"त्यांना ओळखता?"

"भेट नाही झाली अजून. पण माणूस फार काटेकोर आहे असं ऐकलंय."

"मग भेटा," धर्मगुरू म्हणाले आणि बाजूला सरकले.

त्या लग्नातले आशीर्वाद द्राक्षाच्या रसावर म्हटले गेले. तोही मीच ओतला. गृहस्थांनी सगळ्यांच्या आधी पेला उचलला, सगळ्यांना दिसेल असा तोंडाला लावला, आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

पत्नी त्या दिवशी मदतीला आली होती. तिने कचऱ्याच्या डब्यातून चौदा बुचं वेचून पर्समध्ये टाकली. मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "लागतील."

सहा वर्षांनी लागली. मुलगी घरी येऊन म्हणाली, मी लग्न ठरवलंय, मुलगा जहाजावर इंजिनिअर आहे, त्याच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान आहे. मी पत्नीकडे बघितलं. ती खुर्चीवर चढून फळीवरची बरणी काढत होती.

मंडळी बोलणी करायला आली. दार मी उघडलं. गृहस्थांनी मला पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबले. मागून विहीणबाई म्हणाल्या, "काय हो, ओळख आहे का?"

"तोंडओळख," ते म्हणाले.

पत्नीने पाणी आणलं. पेला त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "घ्या बिनधास्त. ह्यांनी हात लावलेला नाही." बरणी टेबलाच्या मधोमध फुलदाणीच्या जागी होती. व्याही पाणी प्यायले, त्यांनी पेला ठेवला आणि बरणीकडे पाहिलं.

"चौदा ना?" त्यांनी विचारलं.

"मोजून घ्या," पत्नी म्हणाली.

आणि ती दोघं जी हसायला लागली ती थांबेनात. विहीणबाई आणि मी एकमेकांकडे बघत बसलो. लग्न ठरलं.

व्याह्यांनी माझी माफी कधी मागितली नाही. पण त्यानंतर वीस वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी ते चालत आमच्याकडे जेवायला आले आणि प्रत्येक वेळी आपला पेला माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "ओता." मी ओतली. यापलीकडे आमच्यात फारसं बोलणं होत नसे. बोलायचं काम पत्नी आणि ते करत.

वकीलबाईंनी कळवलं आहे की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होणं बरं नाही, आणि चौदा बुचं हे "काही" आहे. व्याह्यांची साक्षीदार व्हायची फार इच्छा होती. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघा, तुमची बायको गेल्यावरही मला सोडत नाही."

कलम ७. पत्नीचे मेणबत्त्या लावायचे दोन चांदीचे स्टँड मुलीला द्यावेत. पत्नीचा ब्रोच प्रार्थनामंदिरात पहिल्या रांगेत बसणाऱ्या बाईंना देऊ नये. त्या तो मागतील. या बाईंनी आमच्या पहिल्याच वर्षी, सगळ्या बायकांदेखत, पत्नीला विचारलं होतं, "तुम्ही आपल्या धर्मात कधी आलात हो?" पत्नी म्हणाली, "आज सकाळी साडेआठला. मागच्या दाराने आले, पुढे गर्दी होती." बाईंना ते कळलं नाही आणि त्यांनी दर वर्षी नव्याने विचारलं. मी त्यांना माफ केलं आहे. पत्नीने केलं नव्हतं, आणि तिच्या वतीने माफ करायचा अधिकार मला नाही. तरी एवढं नमूद करतो की तिच्या आजारपणात या बाईंनी सात महिने दर मंगळवारी सूप पाठवलं. पत्नी ते प्यायची आणि म्हणायची, "चव चांगली आहे. म्हणून काय ब्रोच देऊ?"

कलम ८. मला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुरावं, साध्या लाकडी पेटीत, माझ्या प्रार्थनेच्या शालीत गुंडाळून, पत्नीच्या शेजारी. ती जागा आम्ही दोघांनी मिळून निवडली आहे. तिला डावीकडची हवी होती, कारण माझा डावा कान चांगला आहे असं तिला वाटे. चांगला उजवा आहे. मी तिला कधी सांगितलं नाही.

भाषणं करू नयेत. करायचीच असतील तर "त्यांचं हिब्रू इतकं सुरेख कसं होतं" हे वाक्य कोणी म्हणू नये. वडिलांनी शिकवलं, रोज एक पान, चुकलं तर परत. बाकीच्यांचंही तसंच असतं.

कलम ९. माझ्या पत्नीसाठी म्हणायच्या कद्दिशचे जे ~~तेवीस~~ बावीस दिवस मी हजर नसेन, ते माझ्या व्याह्यांनी म्हणावेत.

या कलमाबद्दल खुलासा करणं आवश्यक आहे.

कद्दिश मुलगा म्हणतो. आम्हाला मुलगा नाही, म्हणून मी म्हणतो. त्यात मृत्यूबद्दल एक अक्षर नाही, नुसती देवाची स्तुती आहे. ती आपल्या माणसासाठी दहा जणांसमोर उभं राहून म्हणायची आणि त्या दहांनी "आमेन" म्हणायचं, एवढंच. माझ्यासारख्या माणसाला हे सोयीचं आहे. शब्द ठरलेले आहेत. ती गेल्यापासून मी दिवसभरात जे काही मोठ्याने बोलतो, ते बहुतेक तेवढंच.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, ऑपरेशन तेवीस दिवस पुढे ढकलता येईल का.

"काय आहे त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"अकरा महिने पुरे होतात. आमच्या चांद्र महिन्यांप्रमाणे."

"तुमचं हृदय चंद्र बघून चालत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "मंगळवार."

मुलीला हे कळलं तेव्हा ती इतकी चिडली की तिने मला प्रथमच पूर्ण नावाने हाक मारली. मग म्हणाली, "मी म्हणते ना आईसाठी." ती म्हणणारच आहे, रोज, बायकांच्या बाजूने, पडद्यामागून. धर्मगुरूंची परवानगी आहे. पण आमच्या मंदिराचा रिवाज असा की पडद्याच्या पुढे एक पुरुषही तेच म्हणत उभा हवा. या रिवाजाबद्दल मुलीने जे मत व्यक्त केलं ते कायदेशीर कागदात लिहिण्यासारखं नाही. तिच्या आईने ते आणखी थोडक्यात व्यक्त केलं असतं. जावई जहाजावर आहेत आणि दोन महिन्यांनी येतील. राहता राहिले व्याही. म्हणून मी हे कलम लिहिलं आणि वकीलबाईंकडे नेलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. "तुम्ही गेलात तर ठीक आहे. पण तुम्ही गेला नाहीत, नुसते हॉस्पिटलात पडून असलात, तर हे लागू होणार नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतं. तोपर्यंत ते माझ्या कपाटात."

"जिवंतपणी लागू होईल असा कागद करता येतो का?"

"कागद कशाला? त्यांना सांगा."

"सांगू म्हणजे?"

"म्हणजे बोला त्यांच्याशी. त्याला विनंती म्हणतात."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चाळीस वर्षं मी सूचना दिल्या. हे परत धुवा, ते चालणार नाही, झाकण लावा. विनंती मी कोणाला केल्याचं आठवत नाही. शेजाऱ्यांकडून साखर आणायची असली तरी पत्नी जायची. रंगामुळे असेल, स्वभावामुळे असेल, मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं की कोणाकडे काही मागायचं नाही, म्हणजे नाही ऐकावं लागत नाही. शिवाय ज्यांना सकाळी नऊच्या आधी कोणी उठलेलं पाहिलेलं नाही, अशा त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला रोज साडेसहाला मंदिरात उभं राहा म्हणून सांगायचं. मृत्युपत्रातून सांगणं सोपं होतं. तिथे समोरचा नाही म्हणत असताना मी हजर नसतो.

दोन दिवस मी फोन केला नाही. काल रात्री, शब्बाथ संपल्यावर, मुलगी आली, तिने नंबर लावला, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि खोलीबाहेर जाऊन दार लावून घेतलं. झालेलं बोलणं आठवतं तसं लिहितो, म्हणजे पुढे वाद नको.

"हॅलो," व्याही म्हणाले.

"मी बोलतोय."

"बोला."

मी रिसीव्हर डाव्या कानावरून उजव्यावर घेतला.

"अहो, आहात का?"

"आहे. एक विचारायचं होतं."

"बुचांचं असेल तर मी ती घेणार नाही, आधीच सांगतो."

"बुचांचं नाही." मग एकदम म्हणालो, "तेवीस दिवस राहतात तिचे. मंगळवारपासून. सकाळी साडेसहाला. तुम्ही म्हणाल का?"

पलीकडे खुर्ची सरकली.

"साडेसहा," ते म्हणाले. "सकाळचे."

"हो."

"अंधार असतो हो तेव्हा."

"असतो थोडा."

"आणि तुमच्या त्या लांबलचक चालीवर मला नाही येत. मी आपला सरळ वाचतो, पावती वाचल्यासारखं. ती हसेल मला."

"हसू दे."

मागून विहीणबाई विचारत होत्या, कोण आहे. व्याही त्यांना म्हणाले, "माझी झोप मागतायत." मग कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बावीस."

"काय बावीस?"

"बावीस दिवस मी उठतो. एक दिवस खाडा करणार नाही, ताप आला तरी. पण तेविसाव्या दिवशी मी झोपणार आहे. कॅलेंडर समोर आहे माझ्या, बुधवार येतोय. त्या बुधवारी तिथे कोण उभं राहणार, ते तुमचं तुम्ही बघा."

"डॉक्टर म्हणतात, सगळं नीट झालं तरी तीन आठवडे..."

"तीन आठवडे म्हणजे एकवीस. मी एक दिवस वर दिलाय," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

रिसीव्हर माझ्या हातातच होता. मुलीने दार उघडून विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "हो म्हणाले." ती म्हणाली, "मग रडताय कशाला?" मी तिला सांगितलं की ते कायदेशीर कागदात लिहिण्यासारखं नाही.

आज सकाळी मंदिरात प्रार्थना सुरू व्हायच्या आधी दार उघडलं. व्याही होते. कोटाखाली पायजमा दिसत होता. त्यांचे दिवस मंगळवारपासून आहेत याची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, "माहितीये. सवय करतोय," आणि मागच्या बाकावर बसले. मी कद्दिश म्हणत असताना त्यांचा "आमेन" बाकीच्यांच्या बराच नंतर आला. जागे होते एवढं नक्की.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. तिच्या आणि तिच्या सासऱ्यांच्यात कुठल्याही कलमावरून मतभेद झाला तर आचाऱ्यांना विचारावं.

हे सगळं मी स्वतः लिहिलं, वाचलं, मला समजलं आणि मान्य आहे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: शेजारी राहणारे निवृत्त घड्याळजी. (सही) यांनी सही करण्यापूर्वी विचारलं की यात त्यांच्याकडे दुरुस्तीला असलेल्या घड्याळाचा उल्लेख आहे का. नाही.

साक्षीदार दुसऱ्या: वकीलबाईंच्या ऑफिसात टंकलेखन करणाऱ्या बाई. (सही)

ठिकाण: वकीलबाईंचं ऑफिस, मधलं टेबल. वार रविवार, सकाळची प्रार्थना आटोपल्यावर, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी.

खाडाखोडीचा दाखला: कलम ९ मध्ये "तेवीस" हा शब्द खोडून "बावीस" लिहिला आहे. बदल मीच, शुद्धीत असताना केला आहे. समासात मी आणि दोन्ही साक्षीदारांनी सह्या केल्या आहेत. वकीलबाईंनी विचारलं की उरलेल्या एका दिवसाची तरतूद कोणाच्या नावे करायची, तर ती कलमात घालू नये. त्या बुधवारी सकाळी साडेसहाला मी स्वतः जाणार आहे.